हळदबंदी

"उतरवा! समदी पोती उतरवा! एक कांडी म्हनून जायाची न्हाई त्या राजाच्या पोटात!"

ट्रकच्या बॉनेटवर उभं राहून रुद्राप्पा आण्णा ओरडत होते. खाली ड्रायव्हर हात जोडून उभा. हमाल डोक्यावर पोती घेऊन मध्येच अडकलेले. वर चढवायची की खाली घ्यायची याचा निकाल लागेपर्यंत त्यांच्या माना खांद्यात चार बोटं आत गेल्या होत्या. सांगलीचं अख्खं मार्केट यार्ड थबकलं होतं. कुंडलहून आलेल्या गाड्यांचे बैल रवंथ करायचे थांबले. आण्णांचा आवाजच तसा होता. ते सांगलीत ओरडले की मिरज जंक्शनात गार्डाला वाटायचं आपली गाडी सुटली, आणि तो पळत सुटायचा.

"आण्णा, माल मुंबईला चाललाय हो," ड्रायव्हर रडकुंडीला आला होता.

"मुंबईस्नं कुठं?"

"मला काय म्हाईत? मी गोदीत टाकतो न् माघारी येतो."

"मी सांगतो की! गोदीतनं इराणला! तिथं राजाच्या विरुद्ध ब्र काढला की मानूस घरला येत न्हाई. काल रेडिओवर सांगितलंय. असल्या राजाच्या आमटीत माझी हळद? बंद! बंद म्हंजी बंद!"

आणि खरोखर सगळी पोती उतरली. मुंबईच्या निर्यातदाराचे ट्रंककॉलवर ट्रंककॉल आले. आण्णांनी फोन कानापासून हातभर लांब धरून एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगितलं, "हळद माझी, हुकूम माझा." मुंबईवाल्याला हे फोनशिवायही ऐकू गेलं असणार.

रुद्राप्पा आण्णा म्हणजे हळदीचे अडते आणि व्यापारी. हळद त्यांच्या अंगात इतकी मुरलेली की घाम आला की सदऱ्याला आपोआप रंग चढायचा. त्यांच्या दुकानातलं मांजर पिवळं होतं, पाल पिवळी होती, वर आढ्याला बसणारी चिमणी परगावी गेली तर तिच्या जातीच्या चिमण्या तिला ओळखायच्या नाहीत. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे सकाळी पांढरे असायचे, दुपारच्या सौद्यानंतर केशरी. आण्णांना कधी कावीळ झाली असती तर ती डॉक्टरच्या बापालाही कळली नसती.

मी तेव्हा सांगलीतच एका हायस्कुलात इंग्रजी शिकवत होतो आणि आण्णांच्या घराशेजारी राहत होतो. शाळा सुटली की दुकानात जाऊन आण्णांना इंग्रजी पेपरातलं परदेशाचं पान मराठीत वाचून दाखवायचं, हे माझं काम. मोबदला म्हणजे एक कप चहा आणि बातमी वाईट निघाली तर दोन शिव्या, जणू बातमी मीच घडवून आणली होती. एकदा मी शाळेतला जगाचा नकाशा चार दिवसांसाठी म्हणून त्यांना नेऊन दिला. तो परत आला नाही. आण्णांनी तो भिंतीवर टांगला आणि जिथं जिथं माणसं तोंड उघडलं म्हणून तुरुंगात जातात, त्या त्या देशाला कंदिलाची काजळी फासायला सुरुवात केली. काजळी लागली की त्या देशाला हळद बंद.

युगांडाला बंद. दक्षिण आफ्रिकेला बंद. तिथं तर आपल्या सरकारचीच बंदी होती, पण आण्णांचं म्हणणं, सरकारची बंदी वेगळी, माझी वेगळी. चिलीतली बातमी मी वाचली त्या दिवशी चिलीला बंद. आता चिली देशानं सांगलीकडं जन्मात पसाभर हळद मागितली नव्हती. चिलीतल्या एकाही माणसाला हळद म्हणजे झाड की पाखरू हे ठाऊक नसावं. तरी आण्णांनी चिलीला हळद बंद केली, आणि संध्याकाळी हातपाय धुऊन समाधानानं म्हणाले, "आता त्यो सेनापती झोपतोय कसा, बगू."

गंमत पुढंच आहे. काही महिन्यांनी पोर्तुगालातलं सरकार पडलं, आणि त्याच साली ग्रीसमधले लष्करवाले गेले. ह्या दोन्ही देशांना आण्णांची काजळी लागलेली होती. आण्णांनी यार्डात पेढे वाटले! हमालापासून बाजार समितीच्या सचिवापर्यंत प्रत्येकाच्या हातावर पेढा ठेवत फिरत होते. "बगा. हळद बंद केली. पडलं का न्हाई सरकार?"

"आवं आण्णा," समोरच्या दुकानातून दस्तगीर चाचा म्हणाले, "तिकडची मानसं हळद खाईतच न्हाईत."

"म्हनूनच तर पडाया एवढा येळ लागला!"

दस्तगीर चाचा अत्तार हे आण्णांचे समोरच्या दुकानातले व्यापारी, आण्णांचे प्रतिस्पर्धी, आण्णांचे मित्र, आणि जगातले एकमेव असे गृहस्थ की ज्यांना आण्णांच्या आवाजाची भीती वाटत नसे. अंगानं काडी. आण्णा जोरात शिंकले तर चाचा उडून आपल्या दुकानात जाऊन बसतील असं वाटायचं. डोक्यावर जाळीची टोपी, ती बोलता बोलता उजव्या कानावर सरकायची. जितकी टोपी खाली तितकं भांडण वर. दोघांचा दुपारचा चहा एकत्र व्हायचा. एक दिवस आण्णांच्या गादीवर, एक दिवस चाचांच्या. चहा म्हणजे नुसतं निमित्त. त्यांना भांडायचं असायचं.

"आण्णा, राजाचं पोट भरलेलंच हाय," चाचा सुरू करायचे. "त्यो काय तुमच्या हळदीवाचून उपाशी मरतोय व्हय? हळद खातीया ती तिथली गरीब बाई. तुमी हळद बंद केली की तिचं कालवण पांढरं. राजाचं काय गेलं?"

"राजाचं जकातीचं उत्पन्न गेलं! बोटीतनं माल उतरला की त्यो जकात घेतोय. त्या जकातीतनं बंदूक घेतोय. ती बंदूक त्याच बाईच्या नवऱ्याच्या छातीवर लावतोय. म्हंजी गोळी कुनाच्या पैशाची? माझ्या!"

"आन् त्यो बंदरातला हमाल? त्यो तुमचंच पोतं उचलून पोरास्नी खायाला घालतोय. त्याच्या पोटावर पाय देऊन राजा कसा पडंल, सांगा की. आवं, मानसाचं बगा की जरा! अल्ला की कसम, तुमाला नकाशा दिसतोय, मानूस दिसत न्हाई."

"आन् तुला बाजार दिसतोय, जेल दिसत न्हाई!"

हे वर्षानुवर्षं चालू होतं. मी दोघांच्या मध्ये बसून चहा प्यायचो. आण्णा बोलले की आण्णांचं पटायचं, चाचा बोलले की चाचांचं. चहा संपला की दोघं आपापल्या दुकानात जायचे, आणि गंमत अशी की निरोप घेताना दोघंही माझ्याकडं बघून एकच वाक्य म्हणायचे, "ह्याला काय बी कळत न्हाई, मास्तर."

मग आणीबाणी आली.

यार्डात पहिला बदल झाला तो म्हणजे एक पांढरा शर्ट दिसायला लागला. साध्या वेशातला पोलीस. आता हळदीच्या यार्डात पांढरा शर्ट घालून साध्या वेशात फिरायचं म्हणजे रात्री मशाल घेऊन लपायचं. तो चौकात शिरला की शेवटच्या दुकानातला हमालसुद्धा तोंड मिटायचा. आठवड्याभरात शर्ट पिवळा झाला आणि मग मात्र पंचाईत झाली. आमच्यातला कोण आणि त्यांचा कोण, ते ओळखेना. लोक हळूहळू सगळ्यांशीच हवापाण्याचं बोलायला लागले.

असंच एके दिवशी एक मोठे अधिकारी यार्डात व्यापाऱ्यांची सभा घ्यायला आले. देशाला शिस्त कशी लागली, कचेऱ्या वेळेवर कशा उघडतात, गाड्या वेळेवर कशा येतात, असं छान भाषण झालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शेवटी साहेबांनी सहज विचारलं, "कुणाला काही विचारायचंय?"

असं विचारलं की उत्तर द्यायचं नसतं, एवढं त्या दिवसांत शाळेतल्या पोरांनाही कळत होतं. आण्णांच्या गळ्याच्या शिरा फुगलेल्या मी पाहिल्या आणि त्यांच्या धोतराचं टोक घट्ट धरून ठेवलं. सगळं लक्ष आण्णांकडं असताना उठले मात्र दस्तगीर चाचा. टोपी उजव्या कानावर.

"साहेब, गाड्या येळेवर येत्यात, लय चांगलं झालं. पन आमच्या पेठेतलं एक वकील हाईत, त्यास्नी गाडीत घालून नेलंय. ती गाडी परत कवा येतीया, तेवढं सांगा."

सभा संपली. दुसऱ्या दिवशी पहाटे चाचांना घेऊन गेले.

आण्णा त्या दिवशी दुकानात आले आणि ओरडले नाहीत. सबंध दिवसात एकदाही नाही. मिरजेचा गार्ड बहुतेक गोंधळला असेल. दुपारी चहा आला, दोन कप. आण्णांनी दोन्ही कपांकडं पाहिलं, एक प्यायले आणि दुसरा निवेपर्यंत समोर ठेवून बसले. संध्याकाळी मी पेपर उघडला तर म्हणाले, "नगं." मग उठले. कंदिलाच्या काचेवरनं बोट फिरवून काजळी घेतली आणि नकाशासमोर उभे राहिले.

त्यांच्या कायद्याप्रमाणं आता ज्या देशाला बंदी यायची होती, तो समोरच होता. मधोमध. कन्याकुमारीपासून काश्मीरपर्यंत. आण्णांचं बोट उठलं. नकाशापासून वीतभर अंतरावर थांबलं. दारात पिवळा शर्ट उभा होता. मला वाटलं त्याला बघून थांबले; पण आण्णांनी त्याच्याकडं पाहिलंही नव्हतं. शेवटी त्यांनी ती काजळी आपल्याच धोतराला पुसली आणि गादीवर येऊन बसले.

"मास्तर," ते म्हणाले, "आपल्याला काळं कसं फासायचं हो?"

पण बंद म्हणजे बंद. शेतकऱ्यांचा माल येई, तो आण्णा लिलावात काढून देत. शेतकऱ्याच्या पोटाशी त्यांचं भांडण नव्हतं. स्वतःची हळद मात्र त्यांनी परदेशी जाऊ द्यायची नाही असं ठरवलं. बोटीनं हळद गेली की डॉलर येतो, डॉलर येतो तो सरकारला येतो. "ह्या सरकारला माझ्या हळदीचा डॉलर बघाया मिळनार न्हाई." हरिपूरला कृष्णाकाठी आण्णांची पेवं होती. पेव म्हणजे जमिनीच्या पोटात खणलेली खोल विहीरच, वर तोंड बारीक, आत पोट मोठं. हळद भरून तोंड मातीनं लिंपलं की वर्षानुवर्षं किडा लागत नाही. आण्णांनी आपल्या पेवांची तोंडं लिंपून टाकली.

एवढ्यावर भागलं असतं तर आण्णांच्या पत्नीची, म्हणजे काकूंची, तक्रार नव्हती. पण आण्णांनी घरातही हळद बंद केली. पांढरी आमटी. पांढरी भाजी. पांढरं पिठलं. हळदीच्या व्यापाऱ्याच्या घरी! काकू एकदा भिंतीवरून मला म्हणाल्या, "मास्तर, आमची आमटी पांढरी हाय हे दिल्लीला कसं कळायचं वो?" मी आण्णांना तसं विचारलं, तर म्हणाले, "जेलात आमटी कशी असती ठाऊक हाय? पांढरी. पानी नुसतं." मग मी पुन्हा विचारलं नाही.

खरी अडचण समोरच्या दुकानाची होती. चाचांच्या दुकानाला कुलूप. तिथले हमाल, हळद घासून पॉलिश करणाऱ्या बाया, सगळे ओट्यावर बसून राहायचे. इतर दुकानांत काम मिळेना. चाचांच्या माणसाला कामावर घेतलं तर पिवळा शर्ट आपल्या दारात येऊन उभा राहील, ही भीती. चाचांच्या पेवात माल होता, पण तो घ्यायला कोणी धजेना. हात लावला तर चौकशी. खतिजाभाभी, चाचांच्या पत्नी, मानी बाई. आण्णांनी काकूंच्या हातून धान्य पाठवलं, ते तसंच परत आलं. पुन्हा पाठवलं, पुन्हा परत. तिसऱ्यांदा आण्णा स्वतः गेले, तर दाराआडून भाभी म्हणाल्या, "आण्णा, तुमच्या दोस्ताची पेवं भरलेली हाईत. आमी भिकारी न्हाई. माल खपवून दिलात तर उपकार हुतील. ज्वारी नगं."

आणि ह्या सगळ्यात एक दिवस हॉलंडचा साहेब आला.

साहेबाचं नाव पीटर. उंची एवढी की दुकानाच्या दारातून आत येताना तो दोन हप्त्यांत आला. आधी पाय, मग थोड्या वेळानं डोकं. त्यांच्या देशात लोण्याला आणि मोहरीच्या चटणीला रंग द्यायला हळद लागते म्हणे. आजवर मुंबईहून घेत होता. या खेपेला स्वतः सांगलीला आला, आणि मुंबईवाल्यांनी सांगितलं होतं की सांगलीत सर्वांत उत्तम हळद आणि सर्वांत खराब डोकं रुद्राप्पाकडं आहे. दुभाषी म्हणून मला शाळेतून उचलून आणलं.

दारात पिवळा शर्ट. ओट्यावर माणसांची ही गर्दी. पीटरसाहेबानं चहाला हात लावायच्या आधीच स्वच्छ विचारलं. त्याचं म्हणणं मी मराठीत सांगितलं ते असं: "आमच्याकडं पुष्कळ लोक म्हणतात, भारतात सध्या माणसं विनाचौकशी तुरुंगात आहेत, तर त्यांच्याशी व्यापार करू नका. मला ठरवता येत नाही. तुम्ही इथं राहता. मी हळद घेऊ की नको?"

हा प्रश्न आण्णांना विचारायचा म्हणजे! वीस वर्षं हा माणूस ह्याच प्रश्नाचं एकच उत्तर ओरडत आला होता. जगात कुठंतरी आपल्यासारखा दुसरा आण्णा आहे, तो सातासमुद्रापलीकडून येऊन आपल्यासमोर बसलाय, आणि त्यानं आता काजळीचं बोट आपल्यावर धरलंय. आण्णांचा चेहरा उजळला. छाती फुगली. "न्हाई" म्हणायला तोंड उघडलं, "न्" पर्यंत आलंसुद्धा.

आणि त्यांची नजर समोरच्या कुलपावर गेली. ओट्यावर बसलेल्या बायांवर.

आण्णांनी तोंड मिटलं. उपरणं झटकलं, डोक्याला गुंडाळलं, आणि देवाशपथ सांगतो, ते उपरणं हळूच उजव्या कानावर सरकवलं.

"राजाचं पोट भरलेलंच हाय, साहेब!" आण्णा गरजले. "तू हळद न्हाई घेतलीस तर दिल्लीचं काय बी बिगडत न्हाई! ह्या बाया बग. ह्यो हमाल बग. ह्यांच्या पोटावर पाय देऊन सरकार कसं पडंल, सांग की! तुला नकाशा दिसतोय, मानूस दिसत न्हाई. आरं, मानसाचं बग की जरा! अल्ला की कसम..."

कपाळावर विभूतीचे तीन पट्टे आणि तोंडात अल्ला की कसम. पॉलिशवाल्या बायांनी पदर तोंडाला लावले. हसण्यासाठी की कशासाठी, मी पाहिलं नाही. मला भाषांतर करायचं होतं. चाचांचं एकेक वाक्य, ज्याला आण्णांनी वर्षानुवर्षं उडवून लावलं होतं, ते सगळं त्यांना तोंडपाठ होतं. बंदरातल्या हमालाचंसुद्धा त्यांनी सोडलं नाही.

पीटरसाहेब शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "पण मी हळद घेतली की त्याचं परकी चलन तुमच्या सरकारला मिळणार. त्याच पैशातून तुरुंग चालणार. मग त्या तुरुंगाचा खर्च मीही उचलला, असं नाही का?"

मी हे मराठीत सांगितलं. हे त्यांचंच वाक्य होतं. शब्द वेगळे, पण बंदूक तीच, जकात तीच. बंदरातला हमाल सांगून झाला होता; त्यापुढं चाचांचं उत्तर काय असायचं, ते त्यांना ठाऊक नव्हतं, कारण ह्या जागी ते चाचांना बोलूच द्यायचे नाहीत. इथं ओरडायचे.

"व्हय," आण्णा म्हणाले. आवाज एवढा बारीक की मला पुढं वाकावं लागलं. "जातंय. चलन सरकारला जातंय. खोटं कशाला बोलू? पन साहेब, तू आलास म्हनून बसलायस हितं. घरीच राहिला असतास तर समोरचं दुकान बंद का हाय, हे मला कोन इचारनार हुतं?"

पीटरसाहेबानं वळून समोर पाहिलं. "का बंद आहे?"

"मालक जेलात हाय. एक प्रश्न इचारला म्हनून." आण्णांनी दाराकडं बोट केलं. "कवा सुटनार, ते ह्यांस्नी इचार. हे सरकारचं मानूस."

पीटरसाहेब उठून सरळ पिवळ्या शर्टापुढं जाऊन उभा राहिला आणि नम्रपणे तेच विचारलं. बिचारा मान वर करून साहेबाच्या हनुवटीकडं बघत म्हणाला, "मी... मी हळद बघाया आलोय."

"मग चला हरिपूरला," आण्णा म्हणाले. "समदेच चला."

चाचांचं पेव उघडायचं ठरलं. पेव उघडताना पहिली कुदळ मालकानं मारायची, हा हरिपूरचा रिवाज. मालक तुरुंगात. खतिजाभाभी बुरखा सावरत पुढं आल्या, बिस्मिल्ला म्हणून त्यांनी लिंपलेल्या मातीवर कुदळ टाकली. तोंड उघडलं, आतली कोंडलेली हवा निघून जाईपर्यंत सगळे बाजूला थांबले, मग दोरीनं कंदील आत सोडला. तो विझला नाही, तेव्हा माणूस उतरला. पहिली टोपली वर आली आणि पीटरसाहेब नुसता वासानंच दोन पावलं मागं सरकला. काय हळद होती! एक कांडी मोडली तर आत सूर्य उगवल्यासारखी. मी जरा वाढवून सांगतोय असं वाटेल. पण आण्णांनी आपल्या दुश्मनाच्या मालाचं कौतुक केलं, ह्याहून मोठा पुरावा नाही.

मग सौदा. आमच्याकडं भाव तोंडानं बोलत नाहीत. अडत्या आणि गिऱ्हाईक रुमालाखाली हात घालतात आणि बोटं दाबून भाव सांगतात. तिसऱ्याला कळत नाही. आण्णांनी उपरणं काढून साहेबाच्या हातावर टाकलं आणि खालून त्याची बोटं धरली. साहेबाला वाटलं, प्रार्थना आहे. त्यानं डोळे मिटले. आण्णांनी दोन बोटं दाबली. साहेब गहिवरला, आणि त्यानं सगळा पंजा घट्ट आवळला. तोही दोनदा!

आण्णांचे डोळे बाहेर आले. तो भाव हळदीला कधी आला नव्हता, केशरालाही आला नसेल. "मास्तर," ते कुजबुजले, "ह्यो येडा हाय का देव हाय?" त्या भावात चाचांच्या घराची सात वर्षं निघाली असती. आण्णा क्षणभर तो हात धरून उभे राहिले. मग त्यांनी साहेबाची बोटं एकेक करून सोडवली, आणि मला म्हणाले, "सांगा त्याला. रुमालाखाली फसवायचं न्हाई. दस्तगीरचा माल हाय, दस्तगीरचाच भाव लागंल." योग्य तो भाव मी इंग्रजीत सांगितला आणि सौदा झाला. पॉलिशवाल्या बाया त्याच दिवशी तिथंच कामाला लागल्या.

साहेबानं आण्णांच्या पेवांकडं बोट दाखवून विचारलं, "आणि ही?"

"माझी बंद हाईत."

खतिजाभाभी ऐकत होत्या. संध्याकाळी आण्णांच्या घरी चाचांच्या घरून रस्सेदार सालनाची वाटी आली, चांगली पिवळीधमक. काकू म्हणतात, आण्णांनी ती परत पाठवली नाही.

पीटरसाहेबानं जाण्याआधी डाकबंगल्यावर कुणा मोठ्या अधिकाऱ्याला पुन्हा तोच प्रश्न विचारला म्हणे, की ज्याच्याकडून मी माल घेतला तो माणूस कुठं आहे. पुढं काही आठवड्यांनी भाभींना तुरुंगात भेटीची परवानगी मिळाली. ती साहेबाच्या विचारण्यानं मिळाली, की तशीही मिळायचीच होती, देव जाणे. सुटका मात्र साहेबामुळं झाली नाही. सत्त्याहत्तर साली सगळेच सुटले, तेव्हा चाचाही सुटले.

चाचा आले ते एस. टी. स्टँडवरून थेट यार्डात. आधीच काडी, तिची आता अर्धी काडी झालेली. दाढी पूर्ण पांढरी. आण्णांनी मिठी मारली नाही, डोळे पुसले नाहीत. "चहा सांग रं," एवढंच हमालाला म्हणाले. दोन कप आले. एक घोट झाला आणि चाचांची टोपी सरकली.

"आण्णा, खतिजानं समदं सांगितलंय मला. माझंच म्हननं तुमी साहेबाला सांगितलं. आता कबूल करा की, मी बरोबर हुतो."

"कशाला कबूल करू?" आण्णा कडाडले. मिरजेला गार्डानं शिट्टी फुंकली असणार. "माझं मत हाय तेच हाय! राजाला हळद बंद म्हंजी बंद!"

"मग साहेबाला का इकली?"

"तुझी इकली! माझी कुठं इकली?"

"म्हंजी माझं खरं?"

"तुझं खोटं! जकात कुठं जातीया?"

यार्डातले हमाल पोती खाली ठेवून ऐकत होते. ओट्यावरच्या बाया हसत होत्या. चाचांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते टोपी सरळ करत होते, पण ती राहत नव्हती. चहा संपला. दोघं उठले. दोघांनी माझ्याकडं पाहिलं, मला वाटलं आता नेहमीचं वाक्य येणार, पण ते आलं नाही. चाचा आपल्या दुकानाचं कुलूप काढायला गेले.

मी आण्णांच्या शेजारी बसून राहिलो. राहवेना, म्हणून विचारलं, "आण्णा, एक खरं सांगा. साहेबाला तुम्ही जे सांगितलंत, ते तुम्हाला पटलं होतं?"

"न्हाई."

"मग एवढं घसा फोडून का भांडलात?"

आण्णांनी रिकामा कप उचलून बाजूला ठेवला.

"त्यो आत हुता की, मास्तर. त्याच्या बाजूनं कोन भांडनार?"